भाऊजी आधी आत जातात

दहिसरपासून अंधेरीपर्यंत दारोदार हिंडलात तरी माझ्या थोरल्या भाऊजींइतका भित्रा माणूस तुम्हाला सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तोही भाऊजींचाच हात धरून उभा असेल. हे मी मेहुणीच्या हक्काने बोलतेय, पण ते स्वतःही नाकारत नाहीत. जन्म गेला विमा कंपनीच्या क्लेमच्या टेबलावर. माणूस केळ्याच्या सालीपासून माळ्यावरच्या पिंपापर्यंत कशाकशाने मरतो, हे त्यांनी वर्षानुवर्षं कागदावर वाचलं आणि सगळं खरं मानलं. ते लिफ्टमध्ये बसत नाहीत. पंख्याच्या बरोब्बर खाली झोपत नाहीत. कुकर गॅसवर चढला की पेपर घेऊन जिन्यात जाऊन उभे राहतात आणि शिट्ट्या संपल्यावर बाहेरूनच विचारतात, "झालं का गं?" बोरिवलीला त्यांची बिल्डिंग नॅशनल पार्कच्या अंगाला आहे, त्यामुळे दिवेलागणीला गॅलरीचं दार बंद म्हणजे बंद. मी एकदा म्हटलं, "भाऊजी, बिबट्या पाचव्या मजल्यावर येणारे का?" तर म्हणाले, "का नाही? जिन्याने येईल. मी नाही का येत?"

अशा माणसाला देवाने बायको दिली ती माझी ताई. तिला भीती हा प्रकार माहीतच नव्हता. पार्किंगमध्ये साप निघाला तेव्हा वॉचमन स्टुलावर चढला होता आणि ताई झाडू घेऊन त्याला वाट दाखवत होती, सापाला. दातांच्या डॉक्टरांकडे भाऊजींची दाढ काढायची होती तर ताईने स्वतः खुर्चीत बसून, आ करून दाखवला, तेव्हा कुठे हे बसले. आम्ही सगळ्या बहिणी भाऊजींची टिंगल करायचो. ताई मात्र हसत हसत म्हणायची, "असू दे गं. दोघं शूर असतो तर रोज भांडलो असतो." त्यांना मूलबाळ नाही. घरात भिणारे एक आणि धीर देणारी एक, असं चाललं होतं झकास.

मग एका सकाळी भाऊजी नेहमीसारखे जिन्यात उभे होते आणि शिट्ट्या काही थांबेनात. शेवटी आतून ताईची हाक आली, "अहो, हे कसं बंद करायचं?" आधी त्यांना वाटलं, ती मस्करी करतेय. आत जाऊन बघतात तर ताई कुकरसमोर उभी, हात पोटाशी धरलेले, आणि कुणा परक्याच्या घरात आल्यासारखी शेगडीकडे बघतेय. भाऊजींनी आयुष्यात पहिल्यांदा गॅसचं बटण फिरवलं. मला फोन केला तेव्हा त्यांचे दात वाजत होते. "कुकरमुळे नाही गं," म्हणाले, "तिचा चेहरा बघून." त्या दिवशी मीही घाबरले. अगदी खरं सांगते, ताईसाठी घाबरले आणि लगेच स्वतःसाठीही, कारण आम्ही दोघी एकाच आईच्या. अजूनही चष्मा सापडला नाही की मी आधी स्वतःचा फोन नंबर म्हणून बघते.

डॉक्टरांनी विसराळूपणाच्या आजाराचं नाव सांगितलं. शिवाय त्यांच्या हॉस्पिटलात या आजाराचा अभ्यास चालला होता. दर वर्षी मेंदूचा एमआरआय काढायचा, आठवणींचा भाग किती आकसला ते मोजायचं, आणि तुलनेला त्याच वयाच्या, धडधाकट माणसांचेही फोटो काढायचे. "याने काकू बऱ्या होणार नाहीत," डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलल्या, "पण पुढच्यांचा आजार लवकर ओळखता येईल." ताईने लगेच मान डोलावली. ती तशीच, कुणाच्या उपयोगी पडायचं म्हटलं की चप्पल घालून तयार. पण मशीन बघितलं आणि तिने भाऊजींचा शर्ट मुठीत धरला. "मी त्या बोगद्यात नाही जायची," म्हणाली. साठी उलटलेल्या माझ्या ताईला मी तेव्हा पहिल्यांदा भ्यालेलं बघितलं. तेवढ्यात भाऊजी म्हणाले, "तुलनेला माणूस पाहिजे ना तुम्हाला? मी जातो. आधी मी जातो." आणि पट्टा काही निघता निघेना.

आम्ही दोघी काचेच्या अलीकडे उभ्या राहिलो. मशीनने ढोल बडवायला सुरुवात केली. मध्येच ते थांबलं आणि तिथल्या मुलीने माईकवर विचारलं, "काका, ठीक आहात ना? पुढचं चालू करू?" डोळे मिटून पडलेल्या माणसाच्या कानात वरून आलेला हा आवाज. भाऊजी मूळचे मालवणकडचे. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालताना सगळे देतात तोच जबाब त्यांनी आतून खणखणीत दिला, "व्हय म्हाराजा!" ती मुलगी दचकली. ताईला असं हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्या हसण्यातच ती कधी आत जाऊन आडवी झाली ते तिलाही कळलं नाही. पुढच्या वर्षी भाऊजींनी तो जबाब मुद्दाम दिला, दोनदा दिला.

मशीनपेक्षा भाऊजी भितात ते फोनला. अभ्यासातल्या धडधाकट माणसांना रिपोर्ट मिळत नाही, पण वावगं काही दिसलं तर आम्ही कळवू, असं त्यांना सांगितलेलं. त्यामुळे फोटो काढून आले की पुढचे कित्येक आठवडे अनोळखी नंबर वाजला की ते उभे राहतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "बोला, काय निघालं?" क्रेडिट कार्ड विकणाऱ्या एका पोरीने घाबरून फोन ठेवला होता. मी हसले तर ते चिडले. "हस तू. मला काय मरायची भीती आहे का? माझंही डोकं गेलं तर हिला आंघोळ कोण घालणार? हिला वरणात गूळ लागतो हे कुणाला माहितीय?"

यंदा तिसरी खेप. भाऊजी सकाळपासून तयारीत होते. पट्टा घरीच काढून आलेले. पण ताईच पुढे झाली. साडीच्या दुकानात शिरावं तशी त्या मुलीकडे बघून हसली, मला गळ्यातलं काढू दिलं, आणि सांगितलं तिथे निजली. ना शर्ट धरला, ना काही विचारलं. मुलगी कौतुकाने म्हणाली, "काकू किती डेरिंगबाज झाल्यात!" भाऊजी भिंतीला टेकले. चेहरा पांढराफटक. "डेरिंग नाही गं ते," मला हळूच म्हणाले, "घाबरायचं असतं हेच विसरली ती." आणि आजवर कुठल्या पालीला, कुठल्या विजेला घाबरले नसतील इतके ते तेव्हा घाबरलेले मी पाहिले. मी त्यांचा हात धरला.

ताई बाहेर आली. आता भाऊजींनी आत जायची तशी काही गरज नव्हती, धीर कुणाला द्यायचा होता? डॉक्टरीणबाईही म्हणाल्या, "काका, नको असेल तर राहू दे." पण ते गेले. मशीन सुरू झालं.

ताईने विचारलं, "आत कोण आहे गं?"

"भाऊजी."

"कोण भाऊजी?"

"तुझे यजमान, ताई."

ती बराच वेळ काचेतून दिसणाऱ्या त्या दोन पावलांकडे बघत राहिली. मग माईकवरच्या मुलीची बाही ओढून म्हणाली, "अहो, त्यांना सांगा ना मी बाहेर आहे म्हणून. फार भितात हो ते."

मुलीने मशीनचा आवाज थांबेपर्यंत वाट बघितली आणि माईकवर सांगितलं, "काका, काकू म्हणतायत, त्या इथे बाहेरच आहेत."

मला वाटलं, आता आतून "व्हय म्हाराजा" येणार. मुलीने माझ्याकडे पाहिलं. पण भाऊजी म्हणाले,

"तिला खुर्ची द्या. मी बाहेर येईपर्यंत उभीच राहील नाहीतर."

ताई खरंच उभी होती.