आईचं भाषण आणि मीडियम वेव्हचं बटण

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, आमच्या अंबरनाथच्या घरातला लाकडी रेडिओ ऐन मोक्याला मीडियम वेव्हवर टिकेनासा झाला होता. बटण हातानं धरून ठेवलं तर वाजायचा, सोडलं की खरखर.

संबंधित म्हणजे अख्खी बिल्डिंग. शुक्रवारी दुपारी बायकांच्या कार्यक्रमात आईचं उन्हाळी वाळवणांवर भाषण लागणार होतं. ती मुंबईला जाऊन बोलून आली होती, पण काय बोलली ते आम्ही ऐकलं नव्हतं, आणि एकदा लागून गेलं की गेलंच. शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी, म्हणून बाबांनी सगळ्या मजल्यांवर आमंत्रणं देऊन ठेवली.

"माझा ट्रान्झिस्टर आणू का?" शेजारच्या काकांनी विचारलं. "सेल नवे आहेत."

"आमच्याकडे रेडिओ आहे," बाबा म्हणाले.

"आहे हो. पण वाजत नाही ना."

झालं. आता प्रश्न इभ्रतीचा.

मी रेडिओ दुरुस्तीचा कोर्स केला होता, त्यामुळे पेशंट माझ्याकडे आला. आतला स्विच म्हणजे एका दांड्यावर ओवलेल्या गोल चकत्या, आणि त्यांच्या कडेनं बारीक पितळी पत्त्या. बटण जड फिरतं म्हणून बाबांनी त्यात शिलाई मशीनचं तेल सोडलं होतं. घरात जे कुरकुरेल त्याच्यावर त्यांचा तोच इलाज. मी आणि आई तेवढ्या वाचलो होतो. तेलावर धूळ बसून पत्त्या काळ्याठिक्कर. स्पिरिटच्या कापसानं मी ते पुसलं, शाईच्या खोडरबराची पातळ पट्टी आत सारून पत्त्या घासल्या आणि ज्या सैल पडल्या होत्या त्या चिमट्यानं हलकेच दाबल्या.

"जपून. तुटेल. ही काळी वायर कसली?" बाबा मागून.

"वायर नाही, बाबा. तुमचं तेल आहे."

तरी बटण घसरायचंच. ते खाचेत बसवणारा छर्रा, म्हणजे इवलीशी पोलादी गोळी, झिजला होता. त्यासाठी उल्हासनगर गाठलं. जुन्या रेडिओंच्या ढिगाऱ्यात बसलेले दुकानदार म्हणाले, "बेटी, छर्रा अकेला नहीं मिलता. ये डब्बा मर चुका है, इसके पेट से निकाल ले." काढला. आमच्या खाचेत तो असा बसला, जणू तिथेच जन्मला होता.

शुक्रवारी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. काका ट्रान्झिस्टर काखेत मारून आले, म्हणे सहजच. मी बटण फिरवलं. टक. रेडिओचे व्हॉल्व्ह तापेपर्यंत सगळ्यांनी माना पुढे काढल्या. मग निवेदिका बोलली आणि माझा जीव भांड्यात पडला.

पण बाबांचा भरवसा कुठे? त्यांनी पुढे सरकून बटण दोन बोटांत घट्ट धरलं.

"बाबा, सोडा. आता हलत नाही."

त्यांनी नुसती मान हलवली. तोंड उघडलं तर हात हलेल, ही धास्ती. आईचा आवाज सुरू झाला. कुरडयांचा चीक, सांडग्यांची वाटलेली डाळ, ऊन कसं ओळखावं, सगळं खणखणीत ऐकू येत होतं. बाबा अवघडून उभे, ओठ मिटलेले, कपाळावर घाम. आई स्वयंपाकघराच्या दारात पदर चाळवत उभी होती, आणि तिची नजर रेडिओवर नव्हती, बाबांवर होती.

भाषण संपलं. बाबांनी एकेक बोट सुटं केलं. रेडिओ वाजतच राहिला. काकांनी ट्रान्झिस्टर हळूच खुर्चीखाली सारला. आणि भरल्या घरात आई बोलून गेली:

"अगं बाई, यांनी मधे एकदाही न तोडता माझं सगळं ऐकून घेतलं."