रिपोर्टमधलं ठळक अक्षर

हिंगणघाटच्या बाजारात मी ठोक भाजी घेतो. क्रेटमध्ये एक वांगं किडकं दिसलं की सगळ्या क्रेटचा भाव पाडतो. याच नजरेवर मी शून्यातून वर आलो. म्हणून मुलीच्या रिपोर्टमध्ये एकच अक्षर ठळक छापलेलं दिसलं तेव्हा मी अख्खा रिपोर्टच किडका धरला.

तिला तिसरा महिना होता. जावयाच्या रक्तात सिकलसेलचा अर्धा दोष आहे, हे व्याह्यांनी लग्न उरकल्यावर सांगितलं. तो राग मी अजून सोडलेला नाही. मुलीतही तोच दोष निघाला असता तर बाळाला पुरता आजार होऊ शकत होता. म्हणून वर्ध्याला तिच्या जनुकाची तपासणी केली होती.

डॉक्टरीणबाईंच्या दाराबाहेर बाकावर बसलो होतो. मुलगी शेजारी, रिपोर्ट माझ्या हातात.

"आता त्या घरी जायचं नाई. फसवलं आपल्याले!"

"बाबा, काऊन ओरडून राह्यले? आत तं जाऊ द्या."

आत बाईंनी कागद ओढला. "काका, जनुकात तीन अक्षरांचा एक कोडॉन. एक कोडॉन एक अमिनो आम्ल सांगतो, आणि अशा आम्लांच्या माळेतून प्रथिन बनतं. कोडॉन चौसष्ट, आम्लं वीसच. म्हणून एकाच आम्लाला बहुतेक वेळा दोन-चार कोडॉन असतात. इथे जीएजी असो की जीएए, ग्लुटामिक आम्लच येतं. सिकलसेलमध्ये मधलं अक्षर बदलतं आणि भलतंच आम्ल येतं. हिचं शेवटचं बदललंय. प्रथिन जसंच्या तसं."

"पण अक्षर खराबच ना?"

"खराब नाही, वेगळं."

"लिहून द्या."

"खाली लिहिलंय की."

मी तिथवर वाचलंच नव्हतं.

"मंग बाळाले?"

"आजार होणार नाही. बापाचा अर्धा दोष तेवढा येऊ शकतो. शक्यता निम्मी."

मी खुर्ची पुढं ओढली. "काही कमी नाई होनार?"

"बाबा, इथं भाव नाई होत," मुलगी म्हणाली. हसता हसता तिचे डोळे भरले.

बाहेर आल्यावर तिनं सासऱ्यांना फोन करून सगळं सांगितलं. पलीकडे ते हुंदके देत होते. मग तिनं फोन माझ्या कानाला लावला. दोन वर्षं जमवलेल्या शिव्या तयार होत्या.

"पोरीले घ्याले येजा," एवढंच बोललो.