सोजराबाईचं दही आणि हौशीरामची सुई

भांडगावच्या सोजराबाईचं दही वाटी उलटी केली तरी पडत नसे. हा काही तिचा स्वतःचा दावा नव्हे. हमरस्त्यावरच्या हॉटेलात बापूसाहेब गिऱ्हाइकांना रोज तसं करून दाखवायचे. लग्न होऊन केंदूरहून आली तेव्हा अंगावर दागिने बेताचेच होते, पण पदराखाली आईच्या विरजणाची वाटी होती. आता तेच विरजण निम्म्या गावात नांदत होतं.

नवरा हौशीराम, माणूस मायाळू. पण दुष्काळ सरला त्या साली दौंडला एका औषधवाल्याकडे त्यानं झाडलोट केली आणि परत येताना एक जुनी काचेची पिचकारी घेऊन आला. तेव्हापासून गावात जनावर लंगडलं, खोकलं, नुसतं उदास दिसलं तरी हौशीराम त्याला पेनिसिलीन टोचायचा. सूज उतरली की औषध बंद. उरलेली बाटली कोनाड्यात देवाशेजारी, पुढच्या म्हशीसाठी. सुई उकळायची ती चहाच्या पातेल्यात, आणि मग त्याच पातेल्यात चहा. सोजराबाई तो चहा तोंडाला लावत नसे.

"अवं, शेण असतंय त्या सुईला!"

"उकळल्यावर काय ऱ्हातंय? चहाबी उकळतोच की."

त्यांची स्वतःची म्हैस चंद्री. तिचा एक सड सुजला. हौशीरामनं सुई मारली, सूज उतरली, गडी मिशांवर ताव देत पारावर जाऊन बसला. सूज परत आली, औषध पुरावं म्हणून अर्धीच सुई. असं किती वेळा झालं कोण जाणे. दही अधूनमधून सैल लागायचं, सोजराबाई थंडीवर खापर फोडायची. मग एकदा अर्ध्या सुईनं सूज हलेना, तेव्हा हौशीरामनं कोनाड्यातलं होतं नव्हतं ते सगळं टोचलं.

दुसऱ्या सकाळी गाडग्यात दही नव्हतंच. कालचं दूध तसंच, नासलेलंसुद्धा नाही. सोजराबाईनं गाडगं बदललं, चूल बदलली, मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. तरी तेच. आज दही का नाही, असं कुणी विचारायला नको म्हणून तिनं ते दूध तसंच झाकून हॉटेलात पोचवलं.

बापूसाहेब भडकले. "बाई, सवयीनं वाटी उलटी केली आन् गिऱ्हाइकाचं धोतर भिजलं! उद्यापास्नं दुसरीकडनं घेतो मी."

आईचं विरजणही त्या दुधात मेलं होतं. गावाला विरजण देणारी बाई वाटी घेऊन शेजारच्या रंभाच्या दारात उभी राहिली.

"तुझंच हाय की, सोजरा," रंभा म्हणाली, "लाजतीस काय?"

सोजराबाईला रडू कोसळलं.

तेही विरजण लागलं नाही. सड मात्र दगडासारखा झाला, दुधातून गाठी आणि रक्त येऊ लागलं. शेवटी दौंडहून जनावरांचे डॉक्टर फटफटीवर आले. त्यांनी सड चाचपला, मग कोनाड्यातल्या रिकाम्या बाटल्या बघितल्या आणि तोंड कडू केलं.

"औषध दुधात उतरतं. दही लावणारे बारीक जीवही त्यानं मरतात. विरजण कसं लागणार? आणि हे दूध तुम्ही लोकांना पाजलंत?"

सोजराबाईनं तोंडाला पदर लावला. स्वतःच्या हातानं पाजलं होतं तिनं.

"आन् सड, सायेब?" हौशीराम पुटपुटला.

"अर्धवट औषधानं लेचेपेचे जंतू मेले, चिवट तेवढे उरले. दर खेपेला त्यांना पोसलंस तू. आता हे औषध त्यांना पाण्यासारखं. सड गेला."

डॉक्टरांनी दुसरं औषध दिलं, सूज उतरली तरी थांबायचं नाही अशी ताकीद दिली आणि दूध कधीपासून वापरायचं तेही सांगितलं. तोवरचं सगळं दूध सोजराबाईनं उकिरड्यात ओतलं. पाठोपाठ ते चहाचं पातेलंही फेकलं.

दही पुन्हा लागलं, रंभाच्याच विरजणानं. बापूसाहेबांनी आधी परातीवर वाटी उलटी करून खात्री केली, मगच घेतलं. पण चंद्री तीन सडांचीच राहिली. धार काढताना सोजराबाईचा हात सवयीनं चौथ्याकडे जायचा आणि किळस आल्यासारखा मागे यायचा.

अशाच एका सकाळी गावातला भिमाजी गोठ्याच्या दारात आला.

"वैनी, हौशीराम हाय का? आमच्या गाईचा सड सुजलाय. म्हटलं, अर्धी सुई मारली तर..."

आत हौशीराम उठल्याची चाहूल लागली. सोजराबाईनं मान वर न करता चरवी बाजूला सारली.

"ये भावजी, बस हितं. आधी ह्यो चौथा सड पिळून दाव. धार आली, तर ने त्येला."

आत हौशीराम गपकन खाली बसला.