नागण्णाची हजेरी

जानेवारीतला दुसरा रविवार, सकाळचे दहा, बंगळूरच्या जे. पी. नगरातल्या एका घराची गच्ची. पन्नाशीला टेकलेले, पोट सुटलेले पंचवीस-तीस इंजिनिअर सतरंजीवर मांडी घालून बसलेत. समोर एक किरकोळ अंगाचा माणूस चष्मा नाकावर ओढून ओरडतोय, "नंबर एक!" आणि एका बड्या कारखान्याचा जनरल मॅनेजर तोंडातली इडली घाईघाईने गिळून उत्तर देतोय, "येस सर!"

ओरडणारा तो नागण्णा. खरं नाव नागोजी राव. आम्ही एकाच वर्गातले. त्याचं मराठी घराणं तीन शतकांपूर्वी बंगळुरात आलेलं, आणि मी पुण्याहून कॉलेजसाठी आलेला. "आमचे घोड्यावरून आले, तू मीटरगेजने आलास. फरक तेवढाच," असं म्हणून त्याने पहिल्याच दिवशी मला बाकावर जागा दिली होती. "स्वल्प सरक की रे," हे त्याचं माझ्याशी पहिलं वाक्य.

दर वर्षी वर्ग जमवायचा आणि हजेरी घ्यायची, हा त्याचा उद्योग. कॉलेजात आम्ही एकमेकांच्या प्रॉक्सी लावण्यात तरबेज होतो. गच्चीवरही प्रॉक्सी चाले, पण एका अटीवर. जो दुसऱ्यासाठी 'येस सर' म्हणेल, त्याने त्या माणसाला वर्षभरात भेटलेलं असलं पाहिजे, निदान फोनवर बोललेलं, आणि त्याची खबर सगळ्यांना सांगितली पाहिजे. "आलेल्यांची मला काय काळजी? ते खातायत. न आलेल्यांचं बोला."

ज्याच्यासाठी कुणीच बोललं नाही, त्याच्या नंबराभोवती लाल वर्तुळ पडे. मग नागण्णाची पत्रं. तीन पत्रांना उत्तर आलं नाही, की तो एसटीत बसून थेट त्या माणसाच्या दारात. हुबळी म्हणू नका, मंगळूर म्हणू नका. "पत्राला उत्तर नाही म्हणजे माणूस रागावलाय, नाही तर अडचणीत आहे. दोन्हीकडे पोस्टमनचा उपयोग नाही," असं तो म्हणे. हे सगळ्या वर्गाला माहीत होतं. पत्रांना उत्तर दिलं नाही, तर नागण्णा येतो.

त्या वर्षी एकतीस नंबर आला. वामन. तुमकूरला राहणारा, जरा नाकात बोलणारा आमचा लाजरा वामन. वर्षभर कुणाला भेटला नव्हता, हजेरीच्या बोलावण्याची तीन पत्रंही बिनउत्तराची गेली होती. नागण्णाने पेन्सिल उचलली. "सरी, ठरलं. पुढच्या रविवारी तुमकूर."

गच्चीवर शांतता पसरली. आणि मला शांतता सोसत नाही, हा माझा जन्मजात रोग. मी वामनच्या नाकातल्या आवाजात म्हणालो, "येस सर!"

हशा पिकला. नागण्णाचा चेहरा उजळला. "भेटला तुला? कुठे?"

आता माघार कसली घेतो! मॅजेस्टिकच्या बस स्टँडवर भेटला, म्हणालो. टक्कल पडलंय, स्कूटर घेतलीय, बायको मागे बसते म्हणून चालवायला घाबरतो. मी उभा राहून वामनची स्कूटर चालवून दाखवली. लोक डोळे पुसत हसले. सगळ्यात जास्त हसला नागण्णा. हसत हसतच त्याने एकतीसपुढे बरोबरची खूण केली.

एप्रिलमध्ये तो माझ्या ऑफिसात आला. हातात वामनच्या बायकोचं पत्र होतं. वामन मार्चमध्ये गेला. आदल्या दिवाळीपासून अर्धांगाने अंथरुणावर होता, हाताने लिहिता येत नव्हतं. नागण्णाची तिन्ही पत्रं उशाशी ठेवलेली असायची. दाराची कडी वाजली की विचारायचा, "नागण्णा आला का?"

"तुला भेटला तो दिवाळीआधी ना?" नागण्णाने विचारलं. "तेव्हा कसा दिसत होता रे?"

तो मला पकडायला आला नव्हता. मित्र शेवटचा कसा दिसला, एवढंच त्याला हवं होतं. मी सांगून टाकलं. भेटलोच नव्हतो.

त्याने पत्राची घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाला, "गोष्ट छान सांगितलीस. मीपण हसलो की. चल, ऊठ."

आम्ही तुमकूरची बस धरून वामनच्या घरी गेलो. वहिनींनी पाणी दिलं आणि उभ्या उभ्याच नागण्णाला विचारलं, "भाऊजी, तुम्ही का आला नाहीत? ते रोज वाट बघत होते."

मी तोंड उघडणार, तोच नागण्णाने माझ्या गुडघ्यावर हात दाबला. "चुकलं माझं, वैनी. आळस केला."

परतताना मी विचारलं, "मला का बोलू दिलं नाहीस?"

"तिच्या नवऱ्याला एक न आलेला मित्र पुरे झाला. खोटं बोललेला आणखी कशाला?"

यानंतर चार वर्षांनी नागण्णा गेला. सकाळी फिरून आला, कॉफी मागितली, ती येईपर्यंत आटोपलं. ही बातमी घेऊन मी तुमकूरला गेलो. पत्र पाठवता आलं असतं, पण लिहायला बसलो आणि उठलो.

वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. "देवमाणूस होते. फक्त यांच्या वेळेला तेवढे आले नाहीत."

मग मी सांगितलं. गच्ची, नाकातला आवाज, स्कूटर, सगळं. आयुष्यात पहिल्यांदाच एखादा प्रसंग मी हातवारे न करता सांगितला.

त्या मला बोलतील असं वाटलं होतं. निदान जा म्हणतील. त्या नुसत्या खाली बसल्या.

"दर मार्चमध्ये यायचे हो," त्या म्हणाल्या. "त्या खुर्चीवर बसायचे. आणि दर वर्षी मी त्यांना तेच ऐकवायची. खाली मान घालून ऐकून घ्यायचे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा यायचे."