डावी बाजू वाढेपर्यंत

डॉक्टर म्हणाले, "गाठ लिव्हरच्या उजव्या भागात आहे. तो कापायचा, पण उरलेला डावा फार लहान आहे. तेवढ्यावर तुमचं निभणार नाही." म्हणून आधी उजवीकडे जाणारी रक्ताची एक वाट बंद करायची. मग डावा भाग वाढतो. चार आठवड्यांनी तपासणी. पुरेसा वाढला तरच ऑपरेशन.

"म्हणजे लाईन बंद करून मग पाईप कापायचा," मी म्हटलं. मी चौथी शिकलेला, पण तीस वर्षं कारखान्यात वाफेच्या लाईनवर मिस्तरी होतो.

कातडी बधिर करून बरगड्यांमधून बारीक नळी घातली. दोन दिवस ताप आला. मग कारखान्याच्या टाउनशिपमध्ये, मुलाच्या क्वार्टरवर परतलो.

तिथे माझे जुने इंजिनिअर साहेब सफरचंदं घेऊन आले. बायकोसमोरच विचारलं, "मिस्तरी, घेत होता ना थोडी?"

"थेंब नाही. जुन्या काविळीचं हे," मी म्हटलं. पण डोकं फिरलं ते फिरलंच.

आमच्याकडे रीत होती. लाईनवर काम करणाऱ्याने व्हॉल्व्ह बंद करून आपली लाल पाटी लावायची आणि ती त्यानेच काढायची. एकदा घाईत या साहेबांनी माझी पाटी काढून वाफ सोडली. माझा हात कोपरापर्यंत भाजला. रिपोर्टात त्यांनी लिहिलं, मिस्तरीने पाटी लावलीच नव्हती. रिपोर्ट इंग्रजीत. वाचून दाखवा म्हणायची मला लाज वाटली, म्हणून मी ऐटीत सही ठोकली. बढती गेली, आणि निष्काळजी हे नाव चिकटलं ते निवृत्तीपर्यंत.

साहेब सफरचंदं ठेवून गेले तेव्हाच ठरवलं, हे खरं त्यांच्या हातून लिहून घेतल्याशिवाय मरायचं नाही. डॉक्टरांनी ताकदीचं खायला सांगितलेलं. जन्मात अंड्याला न शिवलेला मी रोज चार अंडी गिळू लागलो.

बायको म्हणाली, "अहो, देवासाठी कधी एक उपास धरला नाहीत, आणि त्या माणसासाठी अंडी खाताय?"

"चल, मीठ दे."

डावा भाग वाढला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी साहेबांना हॉस्पिटलात बोलावून घेतलं. संमतीचा इंग्रजी कागद त्यांच्या हातात दिला. "वाचून दाखवा. आता लाज सोडलीय."

जिवाला धोका आहे, त्या ओळीवर ते थांबले. "वाचा की," मी म्हटलं. सगळं ऐकून सही केली. मग कोरा कागद पुढे सरकवला. "आता तुम्ही लिहा. पाटी होती, मी काढली."

"मिस्तरी, इतक्या वर्षांनी कशाला? शांत मनाने जा."

"जायला नाही आलो. कापून घेऊन घरी जायला आलोय."

त्यांनी तारीख घातली. पेन खाली ठेवलं. "मला नीट आठवत नाही."

जन्मभर त्यांच्यापुढे पदर सावरून उभी राहिलेली बायको उठली आणि दार उघडून म्हणाली, "या मग."

ऑपरेशन झालं. मी शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी विचारलं, कसं वाटतंय? मी म्हटलं, चालायला कधी लागेन तेवढं सांगा.

आता जिना चढतो. साहेब फोन उचलत नाहीत. अरेरा कॉलोनीतलं त्यांचं घर मला माहीत आहे. रविवारी सकाळी, त्यांची सून-नातवंडं घरात असतील अशा वेळी, मी त्यांच्या दारात जाऊन बसणार आहे.