संत्र्याची वाळलेली ओळ

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आमच्या रोपवाटिकेतली संत्र्याची ती ओळ माझ्या हातानं वाळली.

अमरावतीजवळ आमची रोपवाटिका होती. जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा, म्हणजे फांदीवरचा अंकुर, भरायचं काम एक काका करत. खुंटाची साल चिरायची, डोळा आत सरकवायचा, केळीच्या सोपटानं घट्ट बांधायचा. मग तीन आठवडे हात लावायचा नाही. काम सुरू करताना पहिल्या खुंटापाशी नारळ फोडायची रीत होती. काकांच्या घरानं बौद्ध धम्म घेतला, त्यानंतरच्या हिवाळ्यात माझ्या वडिलांनी पुढे केलेला नारळ त्यांनी परत केला. "राहू द्या पाटील. चाकू तोच हाये, हातबी तोच हाये."

मी अकोल्याला शेतकी शिकत होतो. जखम भरते ती पेशींच्या विभाजनानं, एकीच्या दोन, दोनाच्या चार होत, हे नुकतंच कळलं होतं. खुंट आणि डोळा यांच्यामधली फट याच पेशी भरतात. मला ते बघायचं होतं. आठव्या दिवशी काका जेवायला गेले तेव्हा मी बांध सोडला. मनासारखा नमुना मिळेना, म्हणून दुसरा, तिसरा, असं करत अख्खी ओळ सोडली. ब्लेडनं पातळ काप घेऊन स्पिरिटच्या बाटलीत टाकले आणि बांध होते तसे बांधले. निदान मला तसं वाटलं.

अकोल्यात सूक्ष्मदर्शकाखाली काही पेशींच्या मधोमध नवी भिंत उभी राहताना दिसली. सरांनी सगळ्या वर्गाला ती दाखवली. मी खुशीत घरी आलो, तर ओळ वाळलेली. ओला सांधा उघडला, हलला, वारा लागला. पाहताक्षणी मला कळलं.

वडील सगळ्यांसमोर काकांना बोलत होते. "काऊन गा, नारळ जड झाला होता ना तुले? पाह्य आता."

"बाकीच्या ओळी जगल्या ना पाटील. त्याइले कोन्ता नारळ होता?"

"वरून तोंड चालवून राहिला."

काका माझ्याकडे वळले. "बापू, तू त हेच शिकून राहिला. तूच सांग, नारळानं डोळा जगते का?"

"मले काय मालूम," मी म्हणालो.

त्या दिवशी ते चाकू पुसून निघून गेले. नारळाची गोष्ट आसपासच्या गावांत पसरली आणि त्यांना डोळे भरायला कोणी बोलावेना. अकोल्याच्या एका जिनात कापसाचे बोजे उचलत त्यांची उरलेली वर्षं गेली. मी पदवी घेतली, पुढे हाच विषय शिकवला. काका आता नाहीत. त्यांचा मुलगा अकोल्यात मास्तर आहे. दोनदा भेटला, दोन्ही वेळा मी पिकापाण्याचं बोललो.

तुझ्या वडिलांचा हात चुकला नव्हता, बांध मी सोडले होते, हे त्याला आणि माझ्या गावाला सांगणं मी अजून देणं लागतो.