उलट्या पेपरावर शिकलेली अक्का

कात्री सुपाच्या कडेवर दोनदा आपटायची. टक टक. म्हणजे, परत वाच.

आमच्या विड्यांच्या कारखान्यात ज्याला या टकटकीचा अर्थ विचारावा लागायचा, तो माणूस नवा. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि टेंभुर्णीची पानं, हातात कात्री, आणि चेहऱ्यावर आपल्यापासून कुणीतरी काहीतरी लपवतंय असा संशय. अक्का अशी बसायची. बातमी पहिल्यांदा वाचली की गप्प ऐकायची. दुसऱ्यांदा वाचायला लावायची ती भांडायला.

तुमच्यापैकी काहींनी तिला नंतर पाहिलं असेल. देशभरच्या विडी कामगारांची पुढारी, दिल्लीत डोक्यावरचा पदर सारखा करत मंत्र्यांना खडसावणारी, आणि फोटोत नेमके डोळे मिटणारी. माझी अक्का त्याच्या आधीची. भवानी पेठेतल्या पत्र्याच्या कारखान्यात ती माझ्या समोर बसायची. समोर हं, शेजारी नव्हे. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण त्या समोर बसण्यानं घडलं.

मी सातवी पास. त्या काळात आमच्यासारखीनं सातवी पास होणं म्हणजे बॅरिस्टर होणंच. पण विड्या वळण्यात मी ठार अडाणी. माझी विडी एका बाजूनं गरोदर आणि दुसऱ्या बाजूनं उपाशी. मुकादम रोज संध्याकाळी त्यातल्या निम्म्या छाट म्हणून बाजूला फेकायचा आणि वर विचारायचा, "बाई, या ओढायच्या का पेरायच्या?" शेवटी बायकांनीच तोड काढली. मी विड्या वळायच्या नाहीत, पेपर वाचायचा. माझ्या वाटच्या विड्या सगळ्यांनी मिळून वळायच्या. मुकादमालाही बरं झालं, त्याची छाट कमी झाली.

मग मी पोत्यावर पेपर पसरून मधोमध बसायची आणि पहिल्या पानाच्या डोक्यापासून सुरू करायची. काही गाळलं की अक्काला लगेच कळायचं. "मास्तरीण, त्यो कोपरा राह्यला." सोन्याचा भाव, मेलेल्यांचे फोटो, हरवलेल्या म्हशी, खडकवासल्याचं पाणी किती चढलं, सगळं वाचावं लागे. एकदा मी कंटाळून म्हटलं, "अक्का, क्रिकेट घेऊन तू काय करणार आहेस?"

"मला काय करायचंय? पर ज्यानं छापलंय त्याला कायतरी करायचं आसंल का न्हाई? ते काय हाय, तेवढं बघू."

अक्का मूळची कात्रजच्या घाटापलीकडची. लग्न होऊन पेठेत आली, नवरा हमाली करायचा, तो लवकर गेला. जन्म पुण्यात काढला तरी तिचं "हाय" काही "आहे" झालं नाही. दिल्लीत गेली तिथंही नाही झालं.

एके दिवशी मी बातमी वाचता वाचता खोकायला थांबले, तर पुढची ओळ समोरून आली. मला वाटलं, अंदाजानं बोलली. मी एका शब्दावर बोट ठेवलं. "हे काय?"

"संप."

"आणि हे?"

"मिटला. मास्तरीण, परीक्षा घेती व्हय गं माझी?"

माझा विश्वासच बसेना. मी कौतुकानं पेपर उचलून तिच्याकडे सरळ करून दिला, आणि काय सांगू, तिला एक अक्षर लागेना! वैतागून तिनं पेपर गरकन फिरवला, उलटा धरला आणि घडाघडा वाचायला लागली. माझ्या बोटामागं डोळे फिरवत ती इतके महिने शिकत होती. समोर बसून शिकली, म्हणून उलटं शिकली. तिच्या शेजारच्या हलीमाबीची हसून हसून सुपातली तंबाखू सांडली. "या अल्ला! आता हिच्यासाठी छापखाना उलटा टांगा रे कुणीतरी!"

हलीमाबी म्हणजे पेठेतल्या जुन्या मुसलमान घरातली. कारखान्यात सगळ्यात चलाख बोटं तिची आणि सगळ्यात तिखट जीभही तिचीच. नवरा अंथरुणाला खिळलेला, पदरात लहान लहान पोरं.

बायका नुसतं ऐकत होत्या तोवर शेठला वाचनाचं काही वावडं नव्हतं. पण एका सकाळी बातमी आली, की दुसऱ्या एका गावात विडी कामगारांची मजुरी वाढली. टक टक. मी परत वाचली. "त्यांची विडी काय सोन्याची अस्ती व्हय?" अक्कानं विचारलं. ती विचारत होती मला, पण बघत होती मुकादमाकडे. मग प्रत्येकीनं विचारलं. मुकादम पाणी प्यायला म्हणून उठला तो संध्याकाळपर्यंत फिरकला नाही.

दुसऱ्या दिवशी हुकूम आला. "पेपर बंद. वाचण्यानं हात मंद होतात, असं शेठ म्हणतात. इथून पुढं गप्प काम करायचं."

अक्कानं कात्री सुपात ठेवली. "बरं. तोंड बंद, तर हातबी बंद."

झालं. रोज सकाळी आम्ही वेळेवर यायचो, सुपं मांडीवर घ्यायचो आणि हात बांधून बसायचो. शेठ आधी हसला. मग चिडला. मग घरच्या पुरुषांना बोलावून त्यांचे कान भरले. कशानं काही होईना तेव्हा स्वतः येऊन उभा राहिला आणि गोड आवाजात म्हणाला, "बायांनो, त्या गावाइतकीच मजुरी देतो. आजपासून देतो. फक्त तो पेपर नको."

खरं सांगते, मला वाटलं, सुटलो. चुली थंड पडल्या होत्या हो! हलीमाबी तर उठून उभीच राहिली. "घे अक्का, हो म्हण. पोरांना काय पेपर कालवून घालू?"

अक्कानं मांडीवरचं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "हलीमा, तुझी पोरं उपाशी हायेत, मला दिसतंय. पर मजुरी वाढली हे आपल्याला सांगितलं कुणी? ह्या शेठनं? आज वाढवंल, उद्या कापंल, अन आपल्याला वाटंल सगळ्या जगात तशीच हाय. आन् माझं इचारशील, तर मला आत्ता कुठं दिसाया लागलंय. म्या डोळं परत देणार न्हाई."

"तुझे डोळे, आणि माझी पोरं?" हलीमाबी कडाडली. सूप उचलून ती मुकादमाच्या बाजूला जाऊन बसली आणि तिनं विड्या वळायला घेतल्या. साऱ्या कारखान्यात तिची एकटीची कात्री कच कच वाजत होती. कुणीतरी तिला घालून पाडून बोलायला तोंड उघडलं, तर अक्का खेकसली, "तिला कुणी एक शबुद बोलायचा न्हाई. तिचं खरं हाय. माझंबी खरं हाय."

त्या संध्याकाळी अक्कानं घरातलं होतं नव्हतं ते पीठ मळलं आणि भाकरी हलीमाबीच्या दारात ठेवून आली. स्वतः पाणी पिऊन झोपली. मी तिच्या शेजारच्याच खोलीत राहायची, म्हणून मला माहीत.

सकाळी हलीमाबी आली ती तरातरा चालत आमच्यात. सूप पालथं घातलं, हात बांधले आणि अक्काकडे न बघता म्हणाली, "भाकरी करपली होती तुझी."

शेठची गिऱ्हाइकं माल मिळेना म्हणून दुसऱ्या कारखान्याकडे वळायला लागली, तेव्हा तो नरमला. मजुरी द्यायला कबूल झाला. पेपरालाही झाला. हात जोडून म्हणाला, "वाचा बाई, वाचा एकदाचं!"

"एकदा न्हाई शेठ," अक्का म्हणाली. "दोनदा."

तिथून अक्का जी उठली ती उठलीच. आधी पेठेतले कारखाने, मग परगावचे, मग परप्रांतातले. जाईल तिथं तिची पहिली मागणी एकच, कारखान्यात एक वाचणारी पाहिजे आणि तिच्या वाटच्या विड्या सगळ्यांनी वळायच्या. मजुरीचं त्यानंतर. लोक म्हणायचे, ही बाई उलट्या खोपडीची आहे. होतीच.

दिल्लीत बैठकीला बसली, की टेबलापलीकडच्या साहेबापुढचा कागद तिच्या दृष्टीनं सरळच असायचा. "साब, नीचे की लाईन पढ्या नहीं तुम," असं तिनं एकाला सुनावलं. तेव्हापासून ती आत शिरली की साहेब लोक फायलींवर हात ठेवायला लागले. हे सांगताना ती पदरात तोंड लपवून लहान पोरीसारखी हसायची. आणि "परत पढो" हे तर तिनं भर बैठकीत एका मंत्र्याला ऐकवलं. पढला बिचारा. न पढून जातो कुठं?

पण तिची खरी कसोटी पुण्यातच. इथल्या एका कॉलेजात सत्कार होता. आम्ही कारखान्यातल्या झाडून साऱ्या जणी गेलो होतो. प्राचार्यांनी ओळख करून दिली, "शाळेची पायरीही न चढलेल्या या थोर नेत्या..." अक्का उठली, माईक हातानं खाली ओढला आणि म्हणाली, "पायरी चढले न्हाई असं कोण म्हणतं? गावच्या शाळेची पायरी रोज चढत हुते की. सारवायला. आत बस असं कुणी म्हणलं न्हाई, एवढंच."

प्राचार्य खुर्चीत जाऊन बसले. तरी पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांना राहवलं नाही. अस्सल पुणेकर ते. उभे राहून म्हणाले, "अहो बाई, मग आपलं शिक्षण नेमकं कोणत्या माध्यमातून झालं?"

"तंबाखूच्या," अक्का म्हणाली.

त्या माध्यमानंच शेवटी तिची छाती पोखरली. दवाखान्यात तिला बोलायची बंदी होती, म्हणजे डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि तिनं ऐकलं नव्हतं. मग बोलणं आपोआपच गेलं. मी रोज सकाळी जायची, तिच्या समोर बसायची, पलंगावर पेपर पसरायची आणि वाचायची. बातमी संपली, की पलंगाच्या लोखंडी दांडीवर नख वाजायचं. टक टक. भांडायला आवाज नव्हता, पण भुवया होत्या. भुवयांनीच एकेका पुढाऱ्याची ती अशी सालं काढायची की बघत राहावं.

एका सकाळी बातमी संपवून मी थांबले, आणि टकटक आली नाही. मी आपणहून परत वाचली. मग पुन्हा. नर्सनं खांद्यावर हात ठेवला तेव्हा कुठं मी वर बघितलं. ओक्साबोक्शी रडले मी, खोटं कशाला सांगू? घरची माणसं गेली तेव्हाही एवढी रडले नव्हते.

शोकसभा स्वारगेटजवळच्या एका मोठ्या हॉलमध्ये झाली. मंचावर मंत्री, हारतुरे आणि अक्काचा भला मोठा रंगवलेला फोटो. फोटोत अक्काच्या हातात पेपर होता, आणि तो होता सरळ! मला तिथंच कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. इतकी वर्षं बाईला बघितलं आणि एवढंही दिसलं नाही कुणाला?

भाषणं झाली. मग निवेदक म्हणाला, "आता दोन मिनिटं शांतता पाळून आपण अक्कांना श्रद्धांजली वाहू या." मंत्री उभे राहिले, माना खाली गेल्या.

माझं डोकंच फिरलं. अहो, जिनं उपाशी राहून तोंड बंद करायला नकार दिला, तिला श्रद्धांजली म्हणून तोंडं बंद? पिशवीत त्या दिवशीचा पेपर होता. मी उठले, गुडघ्यांना शिव्या देत मंचाच्या पायऱ्या चढले, फोटोसमोर फतकल मारून बसले आणि जमिनीवर पेपर पसरला. तिला उलटा दिसेल असा. म्हणजे तिला वाचता येईल असा.

"आजी, दोन मिनिटं..." निवेदक वाकून कुजबुजला.

"दोन मिनिटांत माझं काय होतंय? मला सगळा पेपर वाचायचाय," मी म्हटलं आणि सुरू केलं. पहिल्याच पानावर तिची बातमी होती. "शाळेची पायरीही न चढलेल्या थोर कामगार नेत्या..." इथून ती सुरू होत होती. माझा आवाज पूर्वीसारखा राहिलेला नाही, पण पत्र्याखाली इतक्या कात्र्यांच्या वर चढवलेला आवाज आहे तो. शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला. बातमी संपवून मी थांबले.

हॉलमध्ये कुणी हललं नाही. मला भीती वाटली, की आता खरोखरच शांतता पाळतात की काय.

तेवढ्यात मागून आवाज आला. टक टक. वळून पाहिलं. हलीमाबी होती. पाठीचं पार धनुष्य झालेलं, नातवाच्या आधारानं आलेली, आणि हातातली काठी फरशीवर आपटत होती.

"ऐकू नाही आलं का गं?" ती ओरडली. "परत वाच!"

मी चष्मा पुसला आणि परत डोक्यापासून सुरू केलं. "शाळेची पायरीही न चढलेल्या..."

"चढली होती!" हलीमाबी गरजली.

"सारवायला चढली होती!" दुसरी कुणीतरी उठली. "आत बसू दिलं नाही तिला, ते लिहा की!" आणि मग एकेक करून आमच्या साऱ्या म्हाताऱ्या उठल्या, ज्यांना उठता येत नव्हतं त्या बसल्या जागेवरून बोलायला लागल्या, आणि असा काही गलका झाला की माझी पुढची ओळ मलाच ऐकू येईना.

मंत्री अजून उभेच होते. मान खाली घालावी का वर करावी, त्यांना कळत नव्हतं.

"बसा साहेब," मी म्हटलं. "अजून आतली पानं राहिलीत."